जुना बेल्ट कुठंय?

पावसाळ्यात पुण्याच्या वारज्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी एखादी तरी गाडी किंचाळत सुरू होते. चावी फिरवली की बॉनेटखालून कर्कश आवाज येतो, पाच-दहा सेकंद टिकतो आणि गाडी गेटापर्यंत पोचेतो थांबतो. मालकाला त्याची सवय झालेली असते, वॉचमनलाही. पुढे आवाज वाढतो, गॅरेजवाला बेल्ट बदलून देतो, चार-सहा महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मालक निकाल देऊन टाकतो: हल्ली मालच डुप्लिकेट येतो.

डुप्लिकेट माल येतो, यात खोटं काही नाही. पण आजच्या चांगल्या बेल्टचं आयुष्य साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर धरतात. तो दहा-पंधरा हजारांत संपत असेल, आणि एकामागून एक तीन बेल्ट तसेच संपत असतील, तर गाडीतलंच काहीतरी बेल्ट खातंय असं धरून चालावं. ते काय, हे शोधण्याचं काम कंटाळवाणं असतं. बेल्ट बदलायला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि त्याचे पैसे लगेच मिळतात. कारण शोधायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ बेल्ट परत परत जाण्यामागे या हिशोबाचा हात पुष्कळ आहे, असं माझं मत आहे.

गॅरेजात याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतात, पंखा कधीच विजेवर गेला तरी. क्रँकशाफ्टच्या टोकाच्या पुलीवरून निघालेला हा रबरी पट्टा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचाही पंप. टायमिंग बेल्ट तो वेगळा. तो दातेरी असतो, झाकणाआड असतो आणि त्याची कथा वेगळ्या प्रकरणाची आहे. आपल्या बेल्टच्या पाठीवर ‘६पीके १२००’ असं काहीसं छापलेलं असतं. आतल्या बाजूला लांबीभर सहा उभ्या रिब, पीके जातीचा छेद, १२०० मिलिमीटर लांबी. शेजारच्या दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर. आत पॉलिएस्टरसारख्या चिवट धाग्याच्या दोऱ्या असतात. ताण त्या सोसतात, पकड रबर धरतं.

या पट्ट्यावर दात नाहीत. सगळा मामला घर्षणाचा. दोर किंवा पट्टा गोल खांबाला जितका जास्त वेढा घालतो तितकी पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने हे गणितात मांडलं. जुन्या कारखान्यांतले चामड्याचे रुंद सपाट पट्टे याच भरवशावर चालत. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. असल्या इंजिनांवर गावोगावच्या पिठाच्या गिरण्या चालल्या, त्या पट्ट्यानेच. पट्टा घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा. पट्टा उतरू नये म्हणून पुलीला मध्यभागी किंचित फुगवटा दिलेला असे. सपाट पट्टा आपणहून उंचवट्याकडे सरकतो.

मोटारीत एवढा रुंद पट्टा बसवायला जागा नाही. १९१७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी पाचरीच्या आकाराचा व्ही-बेल्ट पुढे आणला. पाचर खाचेत रुतते, तिच्या दोन्ही कडा खाचेच्या भिंतींवर दाबल्या जातात. खाचेचा कोन ४० अंशांचा असेल तर तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट पकड मिळते. पुढे एका जाड पाचरीऐवजी शेजारीशेजारी अनेक बारीक पाचरी आल्या. त्यामुळे पट्टा पातळ झाला, लहान पुलीवरूनही सहज वळू लागला आणि एकच लांब बेल्ट सगळ्या पुल्यांवरून नागमोडी फिरवता आला. १९७९च्या फोर्ड मस्टँगपासून ही मांडणी मोठ्या प्रमाणावर गाड्यांत येऊ लागली. आपल्याकडे नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत पिक्स ट्रान्समिशन्सच्या कारखान्यात बेल्ट तयार होतात.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणू. डिझेल हॅचबॅक, वारजे माळवाडीतून रोज हिंजवडीला भाडं मारणारी. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजात ती उभी आहे. चालक तिशीतला, मेकॅनिक पन्नाशी उलटलेला.

‘काका, बेल्ट परत बोंबलतोय.’

‘जुना कुठंय?’

‘फेकला.’

‘अन् त्याच्या आधीचा?’

‘तोपण.’

‘मग मला काय ज्योतिष येतं का?’

काकांचा त्रागा रास्त आहे. उतरवलेला बेल्ट म्हणजे त्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला काय चाललंय याचा लेखी पुरावा, आणि आपण तो तेलकट बोळ्यांबरोबर कचऱ्यात टाकतो. सुदैवाने आत्ता गाडीवर असलेला बेल्ट हाताशी आहे. काका टेन्शनर, म्हणजे बेल्टला ताण देणारी पुली, पान्याने मागे ओढतात, बेल्ट सोडवतात आणि उलटा करून उन्हात धरतात. एका बाजूची कड विस्कटली आहे, दोन-तीन पांढुरके धागे लोंबताहेत. दुसरी कड धड आहे. रिबांच्या मधल्या खाचांत रबराच्या काळ्या बारीक गोळ्या चिकटल्या आहेत, आणि क्रँक पुलीभोवती काळी भुकटी साचली आहे. बोट फिरवलं की काजळी लागावी तशी बोटाला लागते.

एकाच बाजूची कड झिजते तेव्हा बहुतेक वेळा कुठलीतरी पुली रेषेत नसते. सगळ्या पुल्या एका प्रतलात असल्या पाहिजेत. एखादी दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर असेल तर बेल्ट प्रत्येक फेऱ्यात तिच्या खाचेत तिरका शिरतो, भिंतीला घासतो आणि पुन्हा सरळ होतो. चालेल असा फरक किती? साधारण एक फूट अंतराला दीड मिलिमीटर, त्याहून जास्त नको. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. लेझरचं साधन असेल तर उत्तम, नसेल तर लोखंडी सरळ पट्टी दोन पुल्यांच्या तोंडाला टेकवून फट बघायची.

पट्टी लावण्याआधी काका आणखी एक प्रश्न विचारतात, आणि या साऱ्या तपासात त्याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नाही: पहिला बेल्ट जायच्या आधी गाडीचं काय काम केलं होतं? चालक जरा आठवतो. अल्टरनेटर गेला होता. नवा परवडत नव्हता म्हणून नाना पेठेतून जुना, दुरुस्त केलेला घेऊन बसवला. काका अल्टरनेटरच्या पुलीला पट्टी टेकवतात. ती अडीच-तीन मिलिमीटर मागे आहे. ब्रॅकेट आणि अल्टरनेटरच्या कानामध्ये एक वॉशर असायला हवा होता. बसवणाऱ्याच्या हातून तो राहिला. तीन बेल्ट त्या एका वॉशरपायी गेले.

इथे थांबलं तर गोष्ट छान जुळते, पण गाड्या इतक्या शहाण्या नसतात. सहा महिने तिरक्या बेल्टने टेन्शनरला आणि आयडलरलाही, म्हणजे बेल्टला नुसतं वळण देणाऱ्या पुलीलाही, हादरे दिले आहेत. बेल्ट उतरवलेलाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. चांगल्या बेअरिंगची पुली ग्रीसमुळे जराशी जड, मुकाट फिरते. ग्रीस आटलेली पुली एका टिचकीत भिंगरीसारखी गरगरते, वर खरखरते. नवख्याला तीच चांगली वाटते. पुली दोन बोटांत धरून हलवून बघायची; प्ले असेल तर ती चालताना तिरपी होतेच.

अल्टरनेटरच्या पुलीची गंमत वेगळी. चार सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं, त्यामुळे क्रँक एकसारखी फिरत नाही, प्रत्येक धक्क्याला किंचित पळते आणि पुन्हा रेंगाळते. डिझेलमध्ये आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात हे जास्त. अल्टरनेटरचा रोटर जड आणि फिरतो क्रँकच्या दोन-अडीच पट वेगाने. त्याला असं क्षणाक्षणाला थांबायला जमत नाही. ही ओढाताण बेल्टच्या अंगावर येते. म्हणून पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरला एकेरी क्लचची पुली असते: एका दिशेने रोटरला घेऊन फिरते, उलट्या दिशेने मोकळी सुटते. सायकलच्या मागच्या चाकात जे फ्रीव्हील असतं, तेच तत्त्व. रोटर धरून पुली दोन्ही दिशांना फिरवून पाहायची. दोन्हीकडे घट्ट असेल तर क्लच जाम झाला, दोन्हीकडे मोकळी असेल तर तुटला. जाम झालेला क्लच बेल्टला आणि टेन्शनरला सारखे झटके देत राहतो आणि बाहेरून काही दिसत नाही. जुना अल्टरनेटर घेताना साधी पुली असलेला गळ्यात पडतो तो असाच. चार्जिंग होतं, लाइट जात नाही, सगळे खूश.

राहिली क्रँक पुली. ती एकसंध लोखंडाची आहे असं वाटतं, पण बहुतेक गाड्यांत आतलं बूड आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबराचा थर असतो. इंजिनाचे पीळ जिरवायला. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन, त्यातून वरून ऑइल झिरपलं तर लवकरच, हे रबर सुटतं. मग बूड फिरतं तितकं कडं फिरत नाही, किंवा कडं डुलायला लागतं. काकांची युक्ती साधी आहे. खडूने बुडापासून रबरावरून कड्यापर्यंत एक सरळ रेघ मारायची, गाडी आठवडाभर चालवायची आणि पुन्हा बघायचं. रेघ तुटून दोन तुकडे बाजूला सरकले असतील तर पुली गेली. खडू पुसला जाईल अशी भीती असेल तर व्हाइटनर वापरावा.

बेल्टवरच्या बाकीच्या खुणा लवकर वाचता येतात. रिब चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील तर बेल्ट घसरतोय आणि तापतोय. ताण कमी आहे किंवा कुठली तरी पुली जड झाली आहे. पाठ चकचकीत असेल तर पाठीवरून फिरणारा आयडलर अडकतोय. एकच रिब लांबवर सोललेली असेल तर त्या खाचेत खडा रुतला आहे का ते पाहावं. बेल्ट मऊ, फुगलेला, बोटाला चिकट लागत असेल तर वर कुठून तरी ऑइल गळतंय: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं ऑइल सील किंवा स्टिअरिंगचा पाइप. अशा वेळी बेल्ट बदलून उपयोग शून्य. आडवा, सरळ तुटलेला बेल्ट बसवतानाच टॉमी घालून ओढलेला असू शकतो. आतल्या दोऱ्या तेव्हाच मोडतात, तुटतो मात्र दोन महिन्यांनी.

भेगांचं मात्र जुनं शहाणपण आता फसवतं. पूर्वीचे बेल्ट निओप्रीनचे असत आणि म्हातारे झाले की त्यांना आडव्या भेगा पडत. भेगा मोजून बेल्ट बदलायची पद्धत तिथून आली. आजचे बेल्ट ईपीडीएम रबराचे. त्यांना भेगा फार उशिरा पडतात, कधी पडतही नाहीत. ते टायरसारखे गुपचूप झिजतात. रिबेच्या भिंती झिजल्या की पाचर खाचेत खोल उतरते, शेवटी तिचं टोक तळाला टेकतं, आणि तळाला टेकलेली पाचर म्हणजे पुन्हा सपाट पट्टाच. ती तिप्पट पकड गेली. बेल्ट दिसायला नवाकोरा, आणि एसी लावला की घसरतो. ईपीडीएमला उष्णता चालते, खनिज तेल मात्र अजिबात सोसत नाही. त्या बाबतीत निओप्रीन बरं होतं.

वारज्यातल्या गाड्यांचं दुखणं थोडं वारज्याचंही आहे. मुंबई–बंगळुरू महामार्ग इथून जातो. एका बाजूला चांदणी चौक, दुसऱ्या बाजूला नवले पूल, आणि संध्याकाळी मधला तुकडा इंचाइंचाने सरकतो. किलोमीटर मीटरवर चढत नाहीत, बेल्ट मात्र फिरतच असतो. समजा क्रँक पुली १४० मिलिमीटर व्यासाची आहे आणि इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडलला आहे. एका तासात त्या पुलीवरून २१ किलोमीटर बेल्ट सरकतो. १२०० मिलिमीटरचा बेल्ट असेल तर त्याच्या सतरा हजारांवर फेऱ्या झाल्या, गाडी कदाचित पाच किलोमीटरही पुढे गेली नसेल. वर एसी चालू, रेडिएटरचा पंखा चालू, दिवे चालू. तेवढीच वीज कमी फेऱ्यांत काढायची तर अल्टरनेटर बेल्टला जास्त जोराने मागे ओढतो. क्रँकचे झटकेही आयडललाच सर्वांत मोठे. मोकळ्या रस्त्यावर १०० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीपेक्षा कोंडीत अडकलेल्या गाडीचा बेल्ट किलोमीटरमागे जास्त कष्ट उपसतो, हे पटायला जड जातं, पण तसं आहे. कोंडीतल्या गाडीचा बेल्ट किलोमीटरवर न जाता तासांवर बदलावा, असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट चिखलाची. पुढच्या चाकाच्या आत, क्रँक पुलीच्या अंगाला प्लॅस्टिकचं एक पातळ आवरण असतं. चाकाने उडवलेलं पाणी आणि कच बेल्टवर जाऊ नये एवढंच त्याचं काम. उंच स्पीडब्रेकरला गाडी खालून घासली किंवा सर्व्हिस रोडवरच्या पाण्याखालच्या खड्ड्यात आपटली की त्याच्या क्लिपा तुटतात. ते लोंबायला लागलं की कुणीतरी ‘उगाच आवाज करतंय’ म्हणून ओढून काढतं. ते परत बसवलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. बांधकामाची कच आणि पाणी यांचं मिश्रण दोन पावसाळ्यांत बेल्टच नव्हे, पुल्यांच्या खाचाही झिजवतं. मग नवा बेल्ट झिजक्या खाचेत बसतो आणि त्याचं आयुष्य पहिल्या दिवसापासून कमी होतं. बाकी सगळं ठीक असून बेल्ट टिकत नसेल तर चाक काढा आणि ते आवरण जागेवर आहे का बघा.

सकाळच्या किंचाळीचं कारणही यातच आलं. रात्रभराच्या दमटपणाने बेल्ट ओला, स्टार्टरने बॅटरी नुकतीच ओढलेली, त्यामुळे अल्टरनेटर पूर्ण जोरात चार्ज करतोय. ताण कमी असलेला बेल्ट नेमका तेव्हा घसरतो. बेल्ट सुकला आणि बॅटरी थोडी भरली की गप्प. याच पाण्याने परीक्षाही घेता येते. इंजिन चालू असताना, बाह्या वर करून आणि ओढणी-मफलर दूर ठेवून, लांबूनच बाटलीने बेल्टच्या रिबांवर पाण्याचा फवारा मारायचा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुली रेषेत नाही. किंचाळणं उलट वाढलं तर बेल्ट ढिला आहे.

यावर बाजारात स्प्रे मिळतो, गिरणीतल्या राळेचा नवा अवतार. सपाट चामड्याला राळ चालून गेली. पाचरीच्या बेल्टवर तो चिकटा फक्त धूळ गोळा करतो, आवाज आठवडाभर दाबतो आणि बेल्ट वाचणाऱ्याच्या हाती काही खूण ठेवत नाही. साबणाची वडी लावणारेही आहेत; त्यांच्याबद्दल काय बोलावं. ‘जरा टाइट कर’ हा तिसरा उपाय. हाताने ताण देण्याच्या जुन्या गाड्यांत तो कधी कधी बरोबर असतो, पण जास्त ताणलेल्या बेल्टचा भार अल्टरनेटरच्या आणि पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगवर जातो. काही शे रुपयांचा बेल्ट वाचवायला काही हजारांचा पंप घालवणं हा पुणेरी हिशोब नव्हे.

काही नव्या गाड्यांत टेन्शनरच नसतो. बेल्ट स्वतःच किंचित ताणला जाणारा असतो आणि तो खास साधनानेच चढवावा लागतो. २०१५च्या सिआझ डिझेलपासून मारुतीने आणलेल्या हायब्रिड रचनेत तर बेल्टला दुहेरी काम आहे: तो जनरेटर फिरवतो आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन त्याच जनरेटरकडून मोटर म्हणून फिरवूनही घेतो. ताण कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या. तिथे ‘लांबी तीच आहे, चालून जाईल’ म्हणत दुसराच बेल्ट घालणं धोक्याचं.

आपल्या हॅचबॅकला वॉशर मिळाला, टेन्शनर नवा लागला, आयडलरची बेअरिंग बदलली आणि चाकाआडचं आवरण चार नव्या क्लिपांनी बसलं. काकांनी सगळ्या पुल्यांच्या खाचा ब्रशने साफ केल्या, क्रँक पुलीवरची काळी भुकटी पुसून काढली. उतरवलेला बेल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी डिकीत ठेवला आणि चालकाला बजावलं: हजार किलोमीटर झाले की थंड इंजिनावर बॉनेट उघड, पुलीवर बोट फिरव. बोट काळं झालं तर दोन्ही बेल्ट घेऊन ये.